वरचा मजला चढवायच्या आधी खालचा कॉलम उघडून पाहा

प्रश्न उमरखेडकडच्या एका भावाचा आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. २०११ मध्ये बांधलेलं घर, खाली सगळं मोकळं, समोर दोन दुकानांचे शटर आणि मागे ट्रॅक्टर, फवारणीचं सामान, सोयाबीनची पोती, राहणं वरच्या मजल्यावर. १२ कॉलम, सगळे ९ बाय ९ इंची. हिंगोलीकडचे धक्के जाणवल्यापासून घरात भेगा दिसून राहिल्या आणि मिस्त्री म्हणतो की समोरच्या दोन कॉलमला नवीन लोखंड बांधून चारी बाजूंनी चार-चार इंच जाड करून टाकू, मग घर भूकंपाला पक्कं, आणि वर लहान भावासाठी अजून एक मजला घ्या, सळया तर तेव्हाच वर सोडून ठेवल्या आहेत. करू का, असं विचारलंय.

भाऊ, नका करू. निदान ह्या क्रमानं तर नकाच करू. घर मजबूत करता येतं, मी गेली पंचवीस वर्षं यवतमाळ-वाशीम-अमरावतीकडं हेच काम करतो म्हणून खात्रीनं सांगतो, पण सुरुवात दोन कॉलमपासून होत नाही आणि वरचा मजला तर सध्या विषयातूनच काढून टाका, का ते सांगतो.

आधी ते "आपल्याकडे कुठं भूकंप येतो" वाल्यांसाठी दोन गोष्टी. २०१६ च्या भूकंपाच्या नकाशात विदर्भाचा बहुतेक भाग झोन २ मध्ये येतो, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, हे बरोबर आहे. पण किल्लारी १९९३ ला कोणत्या झोनमध्ये होतं माहीत आहे का? तेव्हाच्या नकाशात झोन १ मध्ये, आजच्या झोन २ पेक्षाही खालच्या पायरीवर. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास ६.२ चा धक्का आला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नकाशा नंतर बदलला. तिथली घरं मातीत रचलेल्या दगडांची होती म्हणून आपल्याकडं सगळ्यांनी एकच धडा घेतला, की आरसीसी बांधलं म्हणजे झालं. मग २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला आणि तिथून २०० किलोमीटरच्या वर असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्याच बिल्डिंगी बसल्या, आणि त्यातल्या कितीतरी खाली मोकळं पार्किंग असलेल्या होत्या. तुमचं घर त्याच जातीचं आहे, उंचीनं लहान एवढंच. त्याआधी २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा झाला होता, आणि आता ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणात मुलुगूला ५.३ चा झाला तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत लोकांनी पंखे हलताना पाहिले.

आणि हिंगोलीच्या धक्क्यात घराला मोठं काही झालं नाही म्हणून घर पास झालं असं समजू नका, ते २०२४ चे धक्के ४.५ चे होते. ४.५ आणि ६.२ यात आकड्याचा फरक थोडा दिसतो पण ऊर्जेचा फरक साडेतीनशे पटीच्या घरात जातो. घाबरवायला नाही सांगत, मोठा भूकंप तुमच्या गावाखाली येण्याची शक्यता कमीच आहे, पण आला तर मोकळ्या तळमजल्याच्या घराकडं दुसरी संधी नसते, म्हणून हे सगळं.

आता भेगा. फोटो मी नीट पाहिले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, जी मे महिन्यात नोट जाईल एवढी उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटून जाते, ती भूकंपाची नाही बाप्पा, ती काळ्या जमिनीची आहे. भारी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यासोबत पाया वरखाली होतो. बीमच्या खाली भिंत जिथं संपते तिथली आडवी बारीक भेग म्हणजे फटीत माल नीट ठासला नाही एवढंच. भूकंपाची भेग वेगळी दिसते, दोन कॉलममधल्या भिंतीवर फुली मारल्यासारखी, किंवा कॉलमला अगदी वर बीमखाली आणि अगदी खाली जमिनीजवळ. तुमच्या फोटोत तशी एकही नाही. पण मागच्या कोपऱ्यातल्या कॉलमला उभी भेग आहे आणि तिच्यातून तांबूस डाग उतरला आहे, ते लोखंड आतून गंजून फुगल्याचं लक्षण आहे, आणि मला सगळ्या फोटोत तीच एक गोष्ट खटकली. मिस्त्रीनं समोरचे दोन कॉलम धरले आणि खराब कॉलम तर मागे आहे.

मूळ दुखणं समजून घ्या. शेतात रानडुकरांसाठी मचाण बांधता ना, चार बल्ल्या आणि वर माणूस. नुसत्या चार बल्ल्यांवरची मचाण खालून हलवली तर डुलते, म्हणून आपण बल्ल्यांना तिरपे बांबू बांधतो, तेही एका बाजूला नाही, चारी बाजूंनी. तुमचं घर म्हणजे बिनतिरप्या बांबूची मचाण झाली. वरच्या मजल्यावर भिंतीच भिंती, तो डब्यासारखा ताठ, आणि खाली नुसते बारीक पाय. जमीन हलली की वरचा डबा जागचा हलायला तयार नसतो, खालचे पाय जमिनीसोबत जातात, आणि सगळी वाकावाकी त्या ९ इंची कॉलमच्या दोन टोकांत होते. वरच्या भिंतीला कदाचित चराही पडणार नाही आणि तळमजला मात्र चेपून जाईल.

आता वरच्या मजल्याचा हिशोब, ढोबळ आहे पण डोळे उघडायला पुरतो. तुमच्या दोन मजल्यांचं वजन २०० टन धरा. झोन २, साधी फ्रेम, आयएस १८९३, म्हणजे भूकंपाच्या हिशोबाचं भारतीय मानक, त्याच्या २०१६ च्या सूत्रात टाकलं तर वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास आडवा जोर येतो, म्हणजे ८ टन. वर १०० टनाचा मजला चढवला की जोर १२ टन, तुम्ही म्हणाल दीडपटच तर झाला. पण हा जोर सगळ्या मजल्यांवर सारखा लागत नाही, उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाटला जातो, सगळ्यात वरच्याला सगळ्यात जास्त. १० फुटी मजले धरून पायाशी येणारा उलथवायचा जोर काढा, तो दीडपट नाही, दुपटीच्या वर जातो. वजन दीडपट, उलथवणं दुपटीहून जास्त, आणि खाली तेच ९ बाय ९. म्हणून म्हणतो मजला नको. लहान भावासाठी बाजूला जागा असेल तर वेगळ्या पायावर, मध्ये फट ठेवून, एकमजली घर बांधा.

आणि त्या वर सोडलेल्या सळया. गावात स्लॅबवर घर-घर ह्या सळया उभ्या दिसतात, कुणी त्यावर कपडे वाळवते, कुणी डिश टीव्हीची छत्री बांधते. चौदा पावसाळे खाल्लेली १२ एमएमची सळई घासून मोजा, जागोजागी १० सुद्धा भरणार नाही. कितीतरी ठिकाणी पोरांना लागू नये म्हणून हातोड्यानं वाकवलेल्या असतात आणि काम निघालं की परत सरळ करतात, अशी सळई वाकलेल्या जागी कमजोर होते. वरून त्याचा जोड, ज्याला आपण लॅप म्हणतो, तो बरोबर स्लॅबच्या वरच येतो, जिथं भूकंपात कॉलमला सगळ्यात जास्त वाकायचं असतं. आयएस १३९२०, म्हणजे भूकंपासाठी लोखंड कसं बांधायचं त्याचं मानक, सांगते की जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या भागात घ्या. आपल्याकडं हे करताना मी फार थोड्या साइटवर पाहिलं.

आता कॉलम उघडून पाहा म्हणजे काय ते. चार वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यात एका घरी गेलो होतो, तुमच्यासारखंच घर, तुमच्यापेक्षा दोन वर्षं जुनं. कोपऱ्यातल्या कॉलमचं प्लास्टर खालून दोन फूट काढायला लावलं. छिन्नी लागली तसा आवाजच भदभद आला, चांगलं काँक्रीट खणखणते. पहिली रिंग, म्हणजे उभ्या सळयांना बांधलेला आडवा वेढा, फरशीपासून ११ इंचांवर सापडली, ६ एमएमची, तिच्यावरची आणखी ९ इंचांवर. रिंगचं तोंड काटकोनात वाकवून सोडलेलं, मी बोटानं ओढलं तर उघडून आलं. सगळ्यात खालच्या सहा इंचांत, जिथून कॉलम भरायला सुरुवात केली होती, तिथं एकही रिंग नाही, गिट्टी मोकळी, मध्ये पोळ्यासारखी भोकं आणि त्यात सिमेंटच्या पोत्याचा एक तुकडा दबलेला. मग आम्ही ताज्या तोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतो, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, हवेनं आतून खराब झालेलं तसंच राहतं. तिथं दीड इंच आतपर्यंत रंगच धरला नाही, म्हणजे लोखंडाच्याही आतपर्यंत संरक्षण संपलेलं. घरमालकाचे म्हातारे वडील बाजूला उभे होते, ते म्हणाले, "मी तर सिमेंटचं एक पोतंही कमी दिलं नाही साहेब." खरंच दिलं नव्हतं कमी. माल ओतायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीवर बादली पाणी गेलं होतं, आणि एप्रिलच्या उन्हात कॉलमवर सकाळ-संध्याकाळ दोन मग मारले की झाली क्युरिंग. त्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचं मी विसरलो नाही, आयुष्याची कमाई त्या घरात होती.

रिंगवर एवढा जोर काहून देतो? जिनिंगमध्ये रुईची गाठ पाहिली असेल, तिला पट्ट्या आवळलेल्या असतात म्हणून ती गाठ आहे, पट्टी तुटली की कापूस फुगून बाहेर येतो. कॉलमची रिंग म्हणजे तीच पट्टी. भूकंपात कॉलमचं टोक चिरडायला लागलं की आतलं काँक्रीट बाहेर ढकलतं आणि उभ्या सळया धनुष्यासारख्या वाकतात, रिंग जवळ-जवळ असेल आणि तिचे हूक १३५ अंशात काँक्रीटच्या पोटात वळवलेले असतील तर ती धरून ठेवते, काटकोनी हूक सळईवरचं काँक्रीटचं कव्हर उडताच उघडतो. कॉलमच्या वरच्या-खालच्या दीड-दीड फुटात ८ एमएमची रिंग ३ ते ४ इंचांवर पाहिजे. नवीन बांधणाऱ्यांना हे सगळ्यात स्वस्त औषध आहे, एका घरामागे लोखंड किती वाढतं ते दुकानातच विचारून पाहा. आणि बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा घालायचं कारागीर टाळतात, कारण हात जात नाही, तिथंच उभं राहून घालून घ्या.

आता मिस्त्रीच्या दोन कॉलमवर येतो. ९ चा कॉलम चारी बाजूंनी ४-४ इंच वाढवला तर १७ चा होतो. कॉलमचा ताठपणा बाजूच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तो जवळपास १३ पट ताठ झाला. दोन कॉलम १३-१३ पट आणि बाकीचे दहा आपले जुनेच, मग आडव्या जोराचा ७० टक्क्यांच्या वर वाटा ते दोनच ओढून घेतील. ज्या फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या पायावर, ते उभे आहेत ते जुन्या हिशोबाचं. वरून दोन्ही समोरच्या बाजूला, म्हणजे घर समोरून धरून ठेवल्यासारखं आणि मागून मोकळं, हललं की पिळा खाईल, आणि पिळात सगळ्यात जास्त जाणार मागचा कोपरा, तोच गंजलेला. चांगल्या भावनेनं केलेलं काम घराला आधीपेक्षा वाईट करून ठेवेल. मिस्त्रीला दोष देत नाही, त्याला हे कुणी शिकवलंच नाही.

मग करायचं काय. तुमच्यासारख्या घरात मी आधी तिरपा बांबू शोधतो, म्हणजे तळमजल्यावर भिंती. दोन्ही दिशांना, घराच्या बाहेरच्या रेषेत, समोरासमोर जोडीनं. मागच्या बाजूला एक-दोन गाळे, म्हणजे दोन कॉलममधल्या जागा, दोन्ही कडेला एकेक तरी, आणि समोर शटर आहेत तर निदान एका कोपऱ्याकडचा अर्धा गाळा. सगळ्यात चांगली ६ इंची आरसीसी भिंत, जुन्या कॉलम-बीममध्ये सळया रोवून एकजीव केलेली. तेवढी ऐपत नसेल तर झोन २ च्या दुमजली घराला ९ इंची विटांची भिंत, चांगल्या मालात, बीमपर्यंत ठासून भरलेली, हीसुद्धा खूप मदत करते, पण किती आणि कुठं हे हिशोबानं ठरवा. भिंत अर्धी सोडू नका. ही गोष्ट जीव तोडून सांगतो, कारण झेडपीच्या शाळांपासून घरांपर्यंत सगळीकडं दिसते, कॉलमच्या मध्ये कंबरेपर्यंत भिंत आणि वर जाळी किंवा खिडकीची पट्टी. त्यानं कॉलमचा वाकायला मोकळा भाग दोन-तीन फुटांचाच उरतो, तो आखूड कॉलम बाकीच्यांपेक्षा जास्त जोर ओढतो आणि तिरपा कापला जातो.

नवीन भिंतीला स्वतःचा पाया पाहिजे, फरशीवर उभी करायची नाही. काळी माती पूर्ण काढून कडक मुरूम लागेपर्यंत खाली जा, जुन्या फुटिंगला धक्का न लावता, आणि नवीन-जुनं प्लिंथ बीमनं, म्हणजे फरशीच्या पातळीवरच्या आडव्या बीमनं बांधा. खड्ड्यात निघालेली काळी मातीच परत भरू नका, मुरूम भरून धुम्मसनं ठोका. घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का ओटा करून पावसाचं आणि न्हाणीचं पाणी लांब काढलं तर त्या उन्हाळी भेगाही कमी होतील, हे काम तर उद्याच करता येतं.

भिंतींनंतरही जे कॉलम हिशोबात कमी पडतील किंवा खराब निघतील त्यांनाच जॅकेट, म्हणजे भोवती नवीन लोखंड आणि काँक्रीटचा थर, तुमच्याकडं मागचा कोपरा नक्की, आणि त्याच्या समोरचा जोडीदार बहुतेक. जॅकेट करायचं तर नीट करायचं. आधी बीमखाली जॅक-प्रॉप लावून वजन उतरवायचं. प्लास्टर काढून सैल झालेलं सगळं काँक्रीट झाडायचं, उरलेल्याला टाचे मारायचे, सळया तारेच्या ब्रशनं पांढऱ्या होईपर्यंत घासायच्या. फरशी फोडून फुटिंगपर्यंत खाली जायचं, जॅकेट फुटिंगवरून सुरू होते, फरशीवरून सुरू केलेलं जॅकेट म्हणजे नुसतं जाड प्लास्टर. वर नवीन सळया स्लॅबमधून भोक पाडून वरच्या मजल्यात न्यायच्या, नाहीतर सांधा तसाच कमजोर राहतो. जुन्या कॉलममध्ये सळई रोवायची तर भोक ब्रशनं घासून, हवा मारून, धूळ पूर्ण काढून केमिकल भरायचं. सिमेंटच्या लगद्यात बुडवून ठोकलेली सळई हातानं निघते, मी काढून दाखवली आहे. आयएस १५९८८, म्हणजे जुनी घरं मजबूत करायचं मानक, त्याप्रमाणे जॅकेट कमीत कमी १०० एमएम आणि नवीन काँक्रीट जुन्यापेक्षा ताकदीत निदान ५ एमपीए (काँक्रीटच्या ताकदीचं माप) सरस पाहिजे, गिट्टी बारीक, म्हणजे फटीत बसते. बाँडिंगचं केमिकल लावलं की ते सुकायच्या आत काँक्रीट पडलं पाहिजे, सकाळी लावून जेवण करून आले तर तोच थर उलटा जुन्या-नव्याला वेगळं ठेवतो.

चार कोपऱ्यांना लोखंडी अँगल लावून पट्ट्या वेल्ड करायची पद्धतही आहे, जागा कमी खाते, दुकानात बरी पडते, पण खाली-वर नीट पकड घेतली तरच. फायबरचे कापड गुंडाळायची जाहिरात आजकाल फार येते. ते कॉलमला आवळायला चांगलं आहे पण तुमचा मोकळा तळमजला त्यानं ताठ होणार नाही, आणि त्यात पारंगत माणसं गावात मिळत नाहीत. तुमच्यासाठी नको.

क्युरिंग. आपल्याकडं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, येतं आणि ऊन ४५ चं, अशा हवेत १४ दिवस ओलं ठेवायचं, कॉलमला बारदाना गुंडाळून, तो कधीच सुकू न देता. टँकरचं पाणी असेल तर हे काम उन्हाळ्यात काढूच नका, दिवाळीनंतर काढा.

गच्चीवरची २००० लिटरची टाकी भरली की २ टन होते, ती विटांच्या चार ठोकळ्यांवर उभी दिसते फोटोत. खाली घ्या, किंवा ५००-५०० च्या दोन करा आणि कॉलमच्या डोक्यावर आणून बांधून टाका. साडेचार इंची कठडा पण रस्त्याच्या बाजूचा काढून पाइपची रेलिंग लावा, भूकंपात तो कठडा आधी पडतो आणि दारातून पळणाऱ्याच्या डोक्यावर पडतो.

हे सगळं माझ्या शब्दावरही करू नका, फोटोवरून घर समजत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर प्रत्यक्ष आणा आणि काँक्रीटची टेस्ट करून घ्या. एक सावधगिरी, नुसता टेस्टचा हॅमर मारून आकडा दिला तर विश्वास ठेवू नका, जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेनं कडक झालेला असतो आणि हॅमर जास्त आकडा दाखवतो. दोन-तीन ठिकाणी कोअर, म्हणजे मशीननं कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढला तर खरं समजते.

तोपर्यंत एवढं करा. मागच्या कोपऱ्यातला कॉलम आणि समोरचा एक, दोन्हीचं प्लास्टर खालून दीड फूट काढा, छिन्नी हलक्या हातानं, सळईला लागू देऊ नका. टेप लावून फोटो काढा. पहिली रिंग फरशीपासून किती इंचांवर, रिंग-रिंगमध्ये अंतर किती, हूक काटकोनी की आत वळवलेला, आणि घासल्यावर सळई किती एमएम भरते, हे मला पाठवा, आणि तळमजल्याचा हातानं काढलेला नकाशा पाठवा, कॉलमची मापं टाकून, शटर कुठं आणि ट्रॅक्टर आत यायला किती फूट लागतात तेही लिहून. भिंती कुठं बसतील ते त्यावर खुणा करून परत पाठवतो.